दोनशे वेळा आवळून दुखणारच

नमस्कार काका,

तुम्ही रागात लिहिलं आहे, पण त्यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, म्हणून जरा सविस्तर उत्तर देते. ज्यांनी काकांची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: वय ५८, शुगरची गोळी चालू. व्हिडिओ बघून दीड महिना रोज २०० वेळा केगल (ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचा-सोडायचा व्यायाम) केले. लिंगाच्या ताठरतेत काही फरक नाही, उलट बसलं की खाली दुखतं आणि लघवीची धार सुरू व्हायला वेळ लागतो. म्हणून काकांचं म्हणणं: हे व्यायाम म्हणजे थाप, मुळात ती आपल्या योगातल्या मूलबंधाची नक्कल, ताठरतेची गोळी याहून बरी, आणि बाईमाणसाने (म्हणजे मी, फिजिओथेरपिस्ट) या विषयात पडूच नये, लहान मुलंही वाचतात.

दुखण्याचं आधी बोलू. आवळणं आजपासून बंद. २०० हा आकडा मी कुठेही दिलेला नाही आणि कुठलाही जाणता फिजिओ देणार नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळता यायला हवेत तितकेच पूर्ण सैल सोडताही यायला हवेत. सोडणं जमत नसताना आवळत राहिलं की ते सतत ताणलेले राहतात. मग बसताना अंडकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागी ठणकतं, धार अडखळते, काहींना वीर्यपतनानंतर दुखतं. अशा माणसाला आधी सैल सोडायला शिकवावं लागतं: पाठीवर झोपून गुडघे वाकवायचे, श्वास पोटात खोल घ्यायचा आणि श्वास आत येताना खालचा भाग उतरू द्यायचा. जोर लावून ढकलायचं नाही. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं पुरे. मात्र तुमचं दुखणं यामुळेच आहे असं मी इथे बसून ठरवणार नाही. प्रोस्टेटची सूज, लघवीतला जंतुसंसर्ग यांचीही लक्षणं अशीच असतात. ताप, जळजळ किंवा लघवीतून रक्त असेल तर व्यायामाची चर्चा सोडा आणि थेट यूरॉलॉजिस्टकडे जा.

आकड्याचंच निघालं म्हणून सांगते. ताठरतेसाठी या व्यायामांची चाचणी इंग्लंडमध्ये ग्रेस डोरी यांनी केली, ती २००५ साली प्रसिद्ध झाली. (त्याही फिजिओथेरपिस्ट आणि त्याही बाईमाणूसच, काका.) त्यांची पद्धत अशी: उभं राहून तीनदा, बसून तीनदा, झोपून तीनदा पूर्ण जोराने आवळायचं, सकाळ-संध्याकाळ. म्हणजे दिवसाला १८ वेळा. शिवाय चालताना ते स्नायू थोडे उचलून धरायचे आणि लघवी झाल्यावर एकदा आवळायचं. लघवी चालू असताना मधेच थांबवायची सवय मात्र नको. आवळताना लिंग किंचित आत ओढलं जातं आणि अंडकोश वर उचलले जातात. त्याऐवजी नितंब कडक होत असतील, पोट आत जात असेल, श्वास अडकत असेल, तर भलतेच स्नायू राबत आहेत. २०० च्या घाईत बहुतेकांचं हेच होतं.

त्या चाचणीत ५५ पुरुष होते. सहा महिन्यांनी ४० टक्के पुरुषांची ताठरता पूर्ववत झाली, साधारण ३५ टक्क्यांची सुधारली, आणि उरलेल्या जवळपास पाव लोकांना फायदा झाला नाही. चाचणी लहान आहे हे खरं, पण थाप म्हणण्यासारखी नाही. शीघ्रपतनावर इटलीत ४० पुरुषांवर केलेला अभ्यास २०१४ सालचा. १२ आठवड्यांनी ३३ जणांना ताबा मिळवता आला. पण तुलनेला व्यायाम न करणारा गट नव्हता, त्यामुळे त्यावर मी फार भिस्त ठेवत नाही. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवी गळण्याबाबत तर निष्कर्ष एकमेकांशी जुळतच नाहीत.

आता तुम्हाला फरक का पडला नसेल? लिंगाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना स्नायू असतात. ते आवळले की आत भरलेलं रक्त दाबलं जातं आणि ताठरता टिकते. रक्त आणण्याचं काम त्यांचं नाही, ते धमन्यांचं. बिल्डिंगच्या टाकीत पाणीच चढलं नाही तर घरातला नळ घट्ट बसवून काय उपयोग? मधुमेहात धमन्या आणि नसा दोन्ही बिघडतात. लिंगातल्या धमन्या हृदयाच्या धमन्यांहून बारीक, म्हणून बिघाड अनेकदा तिथे आधी दिसतो आणि छातीत काही वर्षांनी. ५८ व्या वर्षी शुगर असलेल्या माणसाची ताठरता कमी झाली तर मी केगलच्या आधी तीन महिन्यांची सरासरी शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी बघायला सांगेन.

गोळीला माझा विरोध नाही. सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) उपयोगी आहे, पण मेडिकलवाल्याच्या कानात पुटपुटून घ्यायचं नाही. छातीतल्या दुखण्यावर नायट्रेटची गोळी, जिभेखाली ठेवायची किंवा गिळायची, कोणी घेत असेल तर दोन्ही मिळून बीपी जीवघेणं खाली येऊ शकतं. हे डॉक्टरला विचारूनच.

मूलबंधाचं म्हणणं अर्धं मान्य. ‘हठयोगप्रदीपिके’त टाच दाबून तो भाग आकुंचित करण्याचं वर्णन स्पष्ट आहे, आणि अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये लिहिलं तेही बाळंतपणानंतरच्या स्त्रियांबद्दल, पुरुषांबद्दल नाही. पण मूलबंध लावणाऱ्या योग्याला खाली वाहणारा अपान वायू वर न्यायचा होता, संसारसुख वाढवायचं नव्हतं! त्याच्या नावाने शुगरवाल्याच्या ताठरतेची हमी कशी देणार?

राहिली मुलं. लोकलच्या डब्यात आणि रुळांलगतच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’, ‘मर्दानी कमजोरी’ हे शब्द आपण शाळेत जातानाच वाचायला शिकलो. तिथे कोणी हरकत घेत नाही.

क्लिनिकचा खर्च नको असेल तर मुंबईत पालिकेच्या केईएम, नायर किंवा सायन रुग्णालयात केसपेपर काढा. तिन्हीकडे यूरॉलॉजी आहे आणि फिजिओथेरपीही. आधी यूरॉलॉजी, मग ते पाठवतील तर फिजिओ. चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि शुगरचा शेवटचा रिपोर्ट बरोबर न्या. आणि ‘खाली दुखतंय’ एवढ्यावर थांबू नका, ताठरतेचंही सांगा. नाहीतर नुसती लघवीची तपासणी करून घरी पाठवतील.