गंधार ऐकू येतोय का?

आज सकाळी चहा होईपर्यंत फोनवर अकरा लिंका येऊन पडल्या होत्या. त्यातल्या सात गाण्याच्या. 'अप्रतिम', 'नक्की ऐका', 'अंगावर काटा', आणि एकीखाली नुसतेच जोडलेले हात. मी एकही उघडली नाही. लिहिताना जरा लाज वाटतेय, कारण पाठवणारी सगळी माझ्या जिव्हाळ्याची माणसं आहेत आणि त्यातली निम्मी हे वाचणार आहेत. वाचा, आणि मग भांडायला या. पोहे करीन.

माझं कॉलेज सांगलीचं. १९९४ किंवा ९५ असेल. वर्गात मिरजेची एक मैत्रीण होती, घर सतारमेकर गल्लीत. मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला गाणं असतं. थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहायचे. १९३७ साली ते वारले तिकडे मद्रासच्या बाजूला, प्रवासात. पण दफन केलं ते या दर्ग्याच्या आवारात. त्यांच्या नावाने मोठमोठे कलाकार उरुसात हजेरी लावून जातात. मी गेले तेव्हा तिकीट नाही, पास नाही, जागा मिळेल तिथे बसायचं. माझ्या एका बाजूला कोर्टातले वकील आणि दुसऱ्या बाजूला एक आजी, मांडीवर नातू झोपलेला.

मला तेव्हा शास्त्रीय गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मैत्रिणीने ओढून नेलं म्हणून गेले. मध्यरात्र उलटून गेलेली, आणि समोर तंबोरे जुळवणं काही संपेना. मी वैतागून विचारलं, "सुरू कधी करणार गं?"

"झालंय की सुरू. गप बस. गंधार ऐकू येतोय का बघ."

कसला गंधार? तंबोऱ्याला चार तारा. पहिली पंचमाची, म्हणजे 'प'ची, मधली षड्जाची, म्हणजे 'सा'ची जोडी, शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या 'सा'ची. गंधाराची, म्हणजे 'ग'ची, तार त्यात नाहीच. ती कानाशी म्हणाली, "शेवटची जाड तार वाजली ना, की पुढच्या तारेकडे जाऊ नको. तिच्याच मागं मागं जा." गेले. काही नाही. पुन्हा गेले, पुन्हा काही नाही. आठव्या-दहाव्या फेरीला खर्जाच्या पोटातून बारीकसा 'ग' वर आला. कोणी वाजवलेला नव्हता, कोणी गायलेला नव्हता, पण होता. मी तिचं मनगट धरलं. तिने नुसती मान हलवली, 'सापडला ना?' अशी.

याला स्वयंभू गंधार म्हणतात हे नंतर कळलं. खर्जाची तार नुसता खर्ज देत नाही. तिच्या पाचपट कंपनांचा सूरही तिच्यातच असतो, आणि तो येतो बरोबर दोन सप्तकं वरच्या गंधारावर. जवारी, म्हणजे तारा ज्या घोडीवरून जातात तिचा पृष्ठभाग, नीट लागलेली असली तर तो उघडा पडतो, नाहीतर आत दडून बसतो. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी तिचे चुलते जवारीच काढत होते. घोडीवर कानस फिरवायची, तार चढवायची, छेडायची, ऐकायची, पुन्हा तार उतरवून कानस. मग तारेखाली सुती दोरा, केसभर पुढे, केसभर मागे. तासभर हेच चाललं होतं. पूर्वी हत्यारांना पाणी देणारी मिरजेतली शिकलगार मंडळी एकोणिसाव्या शतकात वाद्यं बनवण्याकडे वळली. भिंतीला पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे टांगलेले, वाळायला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मी उत्साहाने ती बातमी तिला पाठवली. तिचं उत्तर आलं, "पेपर इथं पण येतो."

त्या रात्री गायलं कोण, ते मला आज आठवत नाही. खरंच नाही आठवत. गंधार आठवतो, आणि कोणी दाखवला ते आठवतं.

आता यावर माझा भाचा काय म्हणतो ते सांगते, कारण त्याने मला एकदा चांगलं कोंडीत पकडलं होतं. तो पुण्यात शिकतो. त्याच्यापुढे मी हेच पुराण लावलं, की समोर बसून ऐकल्याशिवाय गाणं कळत नाही, लिंका पाठवून काही होत नाही. त्यावर तो म्हणाला, "मावशी, भीमसेन जोशी घरातून कशामुळे पळाले?" झालं, माझी बोलती बंद. गदगमधला अकरा वर्षांचा मुलगा, दुकानात अब्दुल करीम खाँसाहेबांची रेकॉर्ड लागलेली, झिंझोटी रागातली ठुमरी. जेमतेम तीन मिनिटांची तबकडी. त्या तीन मिनिटांपायी पोरगं गुरू शोधायला घर सोडून गेलं आणि फिरत फिरत शेवटी खाँसाहेबांच्याच शिष्याच्या, सवाई गंधर्वांच्या दारात पोचलं. त्यांच्या स्मृतीसाठी १९५३ साली पुण्यात उत्सव सुरू केला तोही त्यानेच. म्हणजे आज डिसेंबरात हजारो माणसं शाल-स्वेटर घालून बसतात, त्याच्या मुळाशी एक तबकडीच. ना शेजारी कोणी मैत्रीण, ना तंबोरा.

तेव्हा माझं म्हणणं मी थोडं मागे घेते. थोडंच हं. दोष लिंकेचा नाही, फुकट पाठवण्याचा आहे.

कॅसेटचे दिवस आठवा. नव्वद मिनिटांची कॅसेट कोणाला भरून द्यायची, तर आमच्या साध्या डबल डेकवर नव्वद मिनिटं लागायची. मध्ये उठून बाजू बदला, लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे देणाऱ्याला निदान एकदा तरी ते सगळं ऐकावं लागायचं. मग आतल्या पुठ्ठ्यावर मुंगीएवढ्या अक्षरात राग, ताल, तबल्यावर कोण, पेटीवर कोण. बँकेतल्या एका मित्राने मला भरून दिलेल्या एका मैफलीच्या कॅसेटवर त्याने कोपऱ्यात लिहिलं होतं, 'ब बाजू, खोकला येतो त्यानंतरची तान'. श्रोत्यांमधलं कोणीतरी खोकलंय, आणि त्यानंतर लगेच ती तान. आजही तो राग ऐकताना मी त्या खोकल्याची वाट बघते. याला म्हणतात ऐकवणं. देताना त्याचे दीड तास गेले होते, म्हणून घेताना मीही दीड तास दिले.

आता पुढे ढकलायला एक सेकंद लागतो, आणि बऱ्याच जणांनी स्वतः पहिली दोन मिनिटंसुद्धा ऐकलेली नसतात. (कोण ते मला माहीत आहे. नावं घेत नाही.) म्हणून घरातल्या ग्रुपवर मी नियम केलाय: मिनिट सांगा. तासाभराचं रेकॉर्डिंग पाठवताय ना, मग कुठल्या मिनिटाला तुम्ही हातातलं काम टाकलंत ते लिहा. नुसतं 'अप्रतिम' चालणार नाही. पहिल्या आठवड्यात ग्रुप चिडीचूप. मग भाच्याचा मेसेज आला: "२७:४०. आधी ऐक, मग बोल."

एका बॅंडचं रेकॉर्डिंग होतं. २७:४० ला सगळी वाद्यं थांबतात, फक्त बेस गिटार उरते, आणि ड्रमवाला काही न वाजवता नुसती मान हलवत बसतो. मी ऐकलं आणि मग बोलले. बोलले म्हणून त्याने मला त्यांच्या कार्यक्रमाला नेलं. तळघरातली जागा, दोन तास उभं राहायचं, आवाज एवढा की छातीत धडधड कानातून ऐकू यावी. बसायला एक खुर्ची मागितली तर ती पोरं इतक्या आदराने घेऊन आली की मलाच ओशाळल्यासारखं झालं. कान दुखले, खोटं कशाला बोलू. पण बेसवाला आणि ड्रमवाला एकमेकांकडे ज्या नजरेने बघत होते ती नजर मला ओळखीची होती. लांबलेली तान समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना तबलजी गायकाकडे असाच बघतो. भाच्याला ओरडून सांगितलं, "तो बघ, आता येतोय!" आणि तो आला. भाच्याने माझ्याकडे अशी नजर टाकली की मावशी कॉलेजात काय करत होती देव जाणे.

मोठ्या महोत्सवांतली माझी एक खोड सांगते. मी पहिल्या कलाकाराला जाते. दुपारची वेळ, निम्म्या खुर्च्या रिकाम्या, वड्याच्या स्टॉलवर तेल अजून तापतंय. नाव कोणी ऐकलेलं नसतं आणि हातात मोजून पाऊण तास असतो. तो मुलगा किंवा मुलगी त्या पाऊण तासात जीव ओतते, कारण पुढच्या वर्षीचं बोलावणं यावर असतं. गेल्या काही वर्षांत मला जे नवे आवाज सापडले ते बहुतेक याच वेळेला. रात्री शेवटी गाणारे थोर आहेतच, पण ते थोर आहेत हे मला आधीच माहीत असतं. तिथे सापडण्यासारखं काय उरलं? आणि त्या गर्दीत शेजारी एक तरी महाभाग भेटतोच, पहिल्या आलापालाच रागाचं नाव घोषित करणारा. अहो, माहीत असलं तरी जरा गिळा. शेजारच्याला शोधू द्या. मांडीवर नातू घेऊन बसलेल्या त्या आजींना रागाचं नाव माहीत होतं की नव्हतं कोण जाणे, त्यांनी काही तोंडातून काढलं नाही.

रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे, सणासुदीचे मोजके दिवस सोडले तर. आजारी माणूस शेजारी असलेल्या कोणालाही हा नियम चुकीचा वाटणार नाही, मलाही वाटत नाही. पण त्यामुळे मध्यरात्रीनंतरचे राग आणि पहाटेचा ललत, भटियार हे मैफलीतून जवळजवळ हद्दपार झाले. दिवाळी पहाटेला तरी ऐकू येतील म्हणावं, तर तिथे निम्मा वेळ सत्कारात आणि उरलेला फर्माइशीत जातो. यावर उपाय मला एकच सुचतो, माईकच नको. तीस-चाळीस माणसांना माईक लागतो कशाला?

तर मंडळी, येत्या रविवारी पहाटे आमच्या इमारतीत, गच्चीखालच्या मोठ्या खोलीत बैठक आहे. गाणारी मुलगी नवीन आहे, तुम्ही नाव ऐकलेलं नसणार, आणि मी तिची एकही लिंक पाठवणार नाही. भाचा त्या ड्रमवाल्याला घेऊन येतोय. चपला जिन्यात काढा, सतरंज्या आहेत, ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांच्यासाठी मागे सहा खुर्च्या. फोन माझ्याकडच्या टोपलीत. गाणं सहाला, पण तंबोरे साडेपाचला जुळवायला घेतील. साडेपाचलाच या.