कामासाठी गेलेल्या माणसाला गाव जास्त भेटतं

"ऑफिसच्या कामाला गेले होते, फिरणं कसलं डोंबलाचं!" हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी फेकलेलं आहे. माझ्या मते ते निम्मं खोटं असतं. वेळ कमी होता हे खरं. पण जो होता तोही हॉटेलच्या खोलीत, लॅपटॉप उघडा ठेवून आणि रूम सर्व्हिसचा मेन्यू चाळत गेलेला असतो. मला तर वाटतं, सुट्टी काढून आलेल्या पर्यटकापेक्षा कामासाठी आलेल्या माणसाला नवं गाव जास्त चांगलं भेटू शकतं.

पर्यटकाची गाठ पडते ती बहुतेक पर्यटनावर पोट असलेल्या लोकांशी. आपली पडते तिथे राहणाऱ्यांशी: सकाळी मुलांना शाळेत सोडून, ट्रॅफिकला शिव्या घालत कामावर आलेल्या माणसांशी. 'पाहायलाच हव्यात अशा दहा जागा' या यादीशी त्यांचं काही देणंघेणं नसतं. गर्दी कुठे आणि कधी नसते, हे मात्र त्यांना पक्कं ठाऊक असतं.

फक्त प्रश्न नीट विचारायला हवा. "इथलं फेमस काय?" असं विचारलंत की समोरचा लगेच यजमान होतो आणि पाहुण्यांना नेण्याची ठरलेली जागा सांगतो. स्वतः तो तिथे क्वचितच जात असतो. त्यापेक्षा विचारा, "तुम्ही दुपारी कुठे जेवता?" किंवा "घरी स्वयंपाकाचा कंटाळा आला की कुठे जाता?" समोरचा जरा घुटमळला, "तिथे... म्हणजे साधीच जागा आहे हो" असं म्हणाला, की समजा पत्ता बरोबर लागला.

एक गोष्ट मात्र सांभाळा. आपण ग्राहक असू आणि समोरचा पुरवठादार असेल, तर त्याच्या "चला ना जेवायला" मध्ये आपुलकी किती आणि नाइलाज किती, हे त्यालाही सांगता येणार नाही. त्याची संध्याकाळ त्याच्या घरच्यांची असते. म्हणून मी दुपारचं जेवण सुचवते आणि माझं बिल मी देते. भेटवस्तू आणि पाहुणचार याबद्दल बहुतेक कंपन्यांचे नियम असतातच, ते आपल्याच बाजूने आहेत असं समजावं.

आता पोटाचं. "बाहेरचं खाऊ नकोस" हा सल्ला देणारी माणसं बुफे मात्र बिनधास्त जेवतात, याची मला गंमत वाटते. जागा चकचकीत आहे की रस्त्यावरची, यापेक्षा अन्न किती गरम आहे आणि शिजून किती वेळ झालाय हे महत्त्वाचं. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे: शिजवलेलं अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम राहावं किंवा ५ अंशांखाली थंड, आणि साध्या तापमानाला दोन तासांहून जास्त राहू नये. समोर कढईतून थेट ताटात पडणारा पदार्थ या कसोटीवर पास होतो. मंद आचेवर तासन्‌तास कोमट राहिलेला बुफेचा ट्रे नापास होऊ शकतो. कापून ठेवलेली फळं आणि कुठल्या पाण्याचा ते माहीत नसलेला बर्फ, या दोन गोष्टींशी मात्र मी कुठेच मैत्री करत नाही. महत्त्वाच्या सादरीकरणाच्या आदल्या रात्री तर नवा प्रयोग नाहीच. पोट बिघडायचं असेल तर ते काही तासांतही बिघडतं आणि दोन-तीन दिवसांनीही, त्यामुळे नक्की कशाने झालं याचा तपास सहसा लागतही नाही.

आणि साहस. इथे लोक फार मोठं काहीतरी डोळ्यांसमोर आणतात आणि मग वेळ नाही म्हणून सोडून देतात. माझं म्हणणं, पहाट वापरा. विमानाने पश्चिमेकडे लांबचा प्रवास केला असेल तर शरीराचं घड्याळ तिथल्या घड्याळाच्या पुढे असतं, आणि चार वाजता टक्क जाग येते. लोक अंथरुणात कूस बदलत जेट लॅगला बोल लावतात. अहो, सूर्योदयाला डोंगरावर असण्यासाठी याहून चांगली सोय कुठली! पूर्वेकडे गेलात तर उलटं होतं, सकाळी डोळेच उघडत नाहीत. तेव्हा संध्याकाळ धरावी. शरीर ढोबळमानाने दिवसाला एका टाइम झोनच्या हिशेबाने जुळवून घेतं, म्हणजे छोट्या दौऱ्यात ते पुरतं जुळतच नाही. मग त्याच्याशी भांडायचं कशाला?

डोंगर वेळेत बसेल का, याचं गणित विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्येच मांडून ठेवलंय. दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे १० किलोमीटरची वाट आणि ६०० मीटरचा चढ असेल तर तीन तास, तेही न थांबता. फोटो, पाणी, वाट चुकणं, परत येऊन अंघोळ हे सगळं वेगळं. अकराची मीटिंग असेल तर कागदावर उत्तर लगेच दिसतं. नाही बसत? मग नदीकाठ, तळं, भाड्याची सायकल. कमीपणा काही नाही त्यात.

काही गोष्टी मात्र 'बघू, जमवू' म्हणून जमत नाहीत. समुद्र असलेल्या गावी गेलं की अनेकांचा बेत ठरलेला: काम संपवायचं, शेवटच्या दिवशी स्कूबा डायव्हिंग, रात्रीचं विमान. हे करू नये. पाण्याखालच्या दाबाने शरीरात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो आणि तो हळूहळू बाहेर पडावा लागतो. विमानाच्या केबिनमधली हवा समुद्रसपाटीसारखी नसते. ती जवळपास २,४०० मीटर उंचीवर असावी इतकी विरळ असू शकते, आणि त्या कमी दाबात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका असतो. म्हणून एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून जास्त डाइव्ह झाल्या असतील तर किमान १८ तास विमान टाळायला सांगतात. शेवटच्या दिवशी पाण्यावरच राहा, मजा तिथेही आहे.

उंचीचंही तसंच. लेह, ल्हासा, ला पाझ अशा साधारण ३,५०० मीटरवरच्या शहरात विमानाने थेट उतरलात, तर पहिल्या दिवशी डोंगर चढायची खुमखुमी खिशात ठेवा. रोज पळणारी, जिमला जाणारी माणसंही तिथे डोकं धरून बसतात. विरळ हवा तुमचा फिटनेस विचारत नाही. अशा दौऱ्यात मी बॉसला आधीच सांगेन की एक दिवस आधी पोचू द्या, आणि तो दिवस आरामाचाच असेल.

एरवीही जोडून सुट्टी घ्यायची तर बहुतेक जण ती शेवटी घेतात. मला ती सुरुवातीला आवडते. रविवारी पोचून नुसतं चालत फिरलं की सोमवारी बोलायला विषय असतो, रस्ते ओळखीचे वाटतात, झोपही थोडी रुळावर येते. राफ्टिंग किंवा कडा चढणं, जिथे हातपाय मोडू शकतात, तेवढं फक्त काम उरकल्यावर. प्लास्टरमधल्या हाताने करार सही करायला लोक प्रेमाने पेन धरून देतीलही, पण नको.

एकटीने जाणाऱ्या मैत्रिणींनो, पहाटेच्या वाटेची माहिती आदल्या दिवशी तिथल्याच एखाद्या सहकारी बाईला विचारा. गूगलपेक्षा तिला जास्त माहीत असतं. निघताना रिसेप्शनवर वाट आणि परतायची वेळ सांगून निघा. हे पुरुषांनाही लागू आहे, पण ते ऐकत नाहीत.

राहता राहिला कागदपत्रांचा कंटाळवाणा भाग. कंपनीने काढलेला प्रवास विमा बऱ्याचदा कामाच्या दिवसांपुरताच असतो, आणि साहसी खेळ त्यातून अनेकदा वगळलेले असतात. पॉलिसीतलं 'वगळलेल्या बाबी' हे पान निघण्याआधी वाचा, जोडलेले दिवस मेलवर मंजूर करून घ्या, हवा तर स्वतःच्या पैशाने वेगळा विमा काढा. आणि त्या डोंगरापर्यंतच्या टॅक्सीचं बिल खर्चाच्या फॉर्ममध्ये 'स्थानिक प्रवास' म्हणून सरकवू नका. अकाउंट्सवाले हॉटेलचा पत्ता आणि टॅक्सीचा पत्ता बरोबर शेजारी ठेवून वाचतात.