फॉल्स सीलिंगला प्रोजेक्टर टांगण्यास आम्ही नकार का दिला: आपल्या अभिप्रायास उत्तर

नमस्कार,

आपला अभिप्राय मी पूर्ण वाचला आणि जोडणीसाठी आपल्या घरी आलेल्या तंत्रज्ञाशीही सविस्तर बोललो. वाचणाऱ्या इतरांना संदर्भ कळावा म्हणून आपले आक्षेप थोडक्यात मांडतो. प्रोजेक्टरचे पूर्ण पैसे घेऊनही आमच्या माणसाने तो हॉलच्या फॉल्स सीलिंगला टांगला नाही. वॉल युनिटच्या काचेच्या कप्प्यात ठेवा म्हटल्यावर तेही नाकारले. 120 इंचांऐवजी 100 इंचांचे (कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके मोजलेले) चित्र लावून दिले. आणि दुपारी क्रिकेटचा सामना लावला तेव्हा चित्र फिके होते व पंख्याचा आवाज फार होता.

पहिल्या दोन बाबतींत तंत्रज्ञाने जे केले ते माझ्या सांगण्यावरून केले, आणि उद्या दुसऱ्या कोणत्याही ग्राहकाकडे तो हेच करील. फॉल्स सीलिंगचा जिप्सम बोर्ड साधारण अर्धा इंच जाडीचा असतो. पत्र्याच्या पातळ पट्ट्यांच्या सांगाड्याला तो स्क्रूने धरलेला असतो आणि स्वतःचे वजन व चार दिवे एवढेच पेलण्यासाठी त्याची रचना केलेली असते. ब्रॅकेटसह प्रोजेक्टरचे वजन पाच किलोच्या घरात जाते. तो चालू असताना त्याचा पंखा थरथरतो, छताचा पंखा त्यात भर घालतो, पावसाळ्यात बोर्ड ओलावा धरतो आणि स्क्रूची पकड हळूहळू सुटत जाते. पहिल्या दिवशी सगळे घट्टच वाटते. आपल्या हॉलमध्ये प्रोजेक्टरची जागा नेमकी सोफ्याच्या वर येते आणि त्या सोफ्यावर मुले बसतात, हे पाहिल्यावर दुसरा निर्णय घेणे मला शक्य नव्हते.

योग्य पद्धत अशी आहे की, फॉल्स सीलिंगला छोटे गोल भोक पाडून वरच्या काँक्रीटच्या स्लॅबमध्ये अँकर फास्टनर, म्हणजे काँक्रीटमध्ये घट्ट रुतणारे बोल्ट, बसवायचे, तिथून लोखंडी पाइप खाली आणायचा, त्यावर प्रोजेक्टर धरायचा आणि एक जादा सुरक्षा तार स्लॅबलाच स्वतंत्र हुकाने बांधायची. स्लॅबला भोक पाडल्यास गळती होईल अशी भीती आपण लिहिली आहे. अशा फास्टनरला साधारण दोन इंच खोल भोक लागते, तर घरांचे स्लॅब बहुधा पाच इंच किंवा त्याहून जाड असतात, त्यामुळे भोक आरपार जात नाही. खरी काळजी घ्यायची ती स्लॅबमधून गेलेल्या विजेच्या पाइपांची. म्हणूनच दिव्यांचे पॉइंट कुठून आले आहेत हे आपल्या वायरमनने दाखवल्याशिवाय आम्ही ड्रिल लावत नाही. हीच ब्रॅकेट पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या विजेच्या सामानाच्या बाजारात कमी दरात मिळते, असेही आपण म्हटले आहे. ते खरे आहे. आपण ती तिथूनच आणावी, आम्ही बसवून देऊ.

काचेच्या कप्प्याबद्दल तर मला अधिकच आग्रहाने सांगायचे आहे. आपण निवडलेले मॉडेल लेझरचे नसून दिव्याचे आहे. या दिव्यात पाऱ्याची वाफ असते, आणि तो चालू असताना तिचा दाब हवेच्या सर्वसाधारण दाबाच्या सुमारे 200 पट असतो. यंत्र जवळपास 300 वॉट वीज घेते, आणि त्यातली बहुतेक उष्णता होऊन पंख्यावाटे बाहेर पडते. बंद कप्प्यात हीच गरम हवा पुन्हा आत ओढली जाते. अशा यंत्रांच्या पुस्तिकांत खोलीच्या तापमानाची मर्यादा सहसा 35 ते 40 अंश दिलेली असते, आणि एप्रिल-मे महिन्यांत पुण्यातला पारा उघड्यावरच चाळिशी गाठतो. कप्प्यात काय होईल ते वेगळे सांगायला नको. आधी यंत्र आपोआप बंद पडू लागते, मग दिव्याचे आयुष्य घटते, आणि दिवा फुटलाच तर पाऱ्याची वाफ खोलीत येते. तसे कधी झाले तर खिडक्या उघडून सर्वांनी खोलीबाहेर जावे. मागे व दोन्ही बाजूंना फूटभर मोकळी जागा, ही आमची किमान अट आहे.

याच कारणाने, प्रोजेक्टर बंद केल्यानंतर त्याचा पंखा थांबेपर्यंत भिंतीवरचे विजेचे मुख्य बटण बंद करू नये. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाण्याची आपल्याला सवय आहे, पण तापलेल्या दिव्याचा पंखा अचानक थांबणे त्याला सोसत नाही, म्हणून एक लहान यूपीएस जोडावा असे मी सुचवले होते. त्याची विक्री आमच्याकडून व्हावी असा हेतू नव्हता.

चित्राच्या आकाराचा प्रश्न निव्वळ मापाचा आहे. 120 इंचांचे चित्र सुमारे 2.66 मीटर रुंद असते. आपल्या यंत्राला रुंदीच्या दीडपट अंतर लागते, म्हणजे जवळजवळ 4 मीटर. आपल्या हॉलची लांबी 13 फूट, म्हणजे 3.96 मीटर आहे, आणि त्यातच यंत्राची स्वतःची लांबी व मागची हवेची जागा बसवायची आहे. 100 इंचांना 3.3 मीटर पुरतात.

दुपारच्या फिकेपणाबद्दल आपली निराशा मी समजू शकतो, परंतु प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. पडद्यावर खिडकीचा जितका उजेड पडतो, तितकाच चित्रातला काळा उजळ दिसतो. चित्रपटगृहातल्या पडद्याच्या उजळपणाचे प्रमाण चौरस मीटरला 48 कँडेला (उजळपणाचे एकक) आहे, आणि साध्या पांढऱ्या पडद्यावर 100 इंचांसाठी तेवढे साधायला अंधाऱ्या खोलीत सुमारे 415 ल्युमेन (यंत्रातून निघणाऱ्या एकूण उजेडाचे माप) पुरतात. आपले यंत्र त्याहून कितीतरी अधिक उजेड देते. त्यामुळे आधी खिडकीला जाड पडदे लावून पाहावेत. अधिक ल्युमेनच्या यंत्रावर खर्च करू नये.

आवाजाविषयी आपण जोडलेल्या छायाचित्रात मेनू दिसतो आणि त्यात ‘हाय अल्टिट्यूड’ हा पर्याय चालू आहे. तो विरळ हवेसाठी असतो, त्यात पंखा मुद्दाम वेगाने फिरतो, आणि उत्पादक तो समुद्रसपाटीपासून साधारण 1500 मीटर उंचीच्या पुढे वापरायला सांगतात. पुणे सुमारे 560 मीटरवर आहे. तो बंद करून दिवा ‘इको’वर ठेवावा, आवाज बराच उतरेल, पूर्ण जाणार मात्र नाही.

सध्या प्रोजेक्टर टीपॉयवर ठेवला आहे, तिथे लेन्स लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला येते. चालू झोतात जवळून रोखून पाहणे डोळ्यांना घातक आहे, आणि यंत्रावरचे सूचनेचे लेबल त्यासाठीच आहे. त्यामुळे प्रोजेक्टर उंचावर बसवण्याचे काम लांबवू नये, अशी माझी विनंती आहे. स्लॅबमधून टांगायचे की मागच्या भिंतीवर उंच, उघडी फळी घ्यायची, हे आपण ठरवावे. फळी घेतल्यास ती पडद्याच्या बरोबर मध्यावर हवी, कारण तिरक्या जागेवरून चित्र मेनूतून सरळ केले की त्याची स्पष्टता कमी होते. दोन्ही कामांची मजुरी आपण भरलेल्या जोडणीच्या रकमेतच धरली आहे. वायरमन कोणत्या दिवशी उपलब्ध आहे तेवढे दुकानात फोन करून कळवावे. त्या दिवशी तंत्रज्ञासोबत मी स्वतः येईन.

आपला,
दुकानाचा मालक