दहा टक्के निधी आणि अंगणवाडीतले शिक्षण

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील 10 टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावी, हा महाराष्ट्रातील नियम जुना आहे आणि तो उघडपणे कोणी नाकारतही नाही. प्रश्न आहे तो या रकमेचे होते काय, हा. माझ्या मते या निधीतील ठरावीक वाटा अंगणवाडीतील तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवण्यासाठी लागणाऱ्या माणसावर दरवर्षी खर्च झाला पाहिजे. आज तो जवळजवळ पूर्णपणे वस्तूंवर खर्च होतो.

आपल्या ग्रामपंचायतीचा या शीर्षाखालील खर्च एकदा मागून पाहावा. सतरंज्या, छोट्या खुर्च्या, पाण्याचा फिल्टर, वजनकाटा आणि ‘बोलक्या भिंती’ या नावाने केलेली रंगरंगोटी, अशीच यादी बहुतेक ठिकाणी हाती येते. जिल्हा परिषदेच्या सेस फंडातील, म्हणजे तिच्या स्वतःच्या उत्पन्नातील, 10 टक्क्यांची गतही फार वेगळी नाही. तिथे शिलाई मशीन, पिठाची घरघंटी आणि सायकली वाटल्या जातात. या वस्तू निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही. पण वस्तूचे बिल मिळते, तिचा फोटो निघतो, तिच्या वाटपाचा कार्यक्रम करता येतो आणि लेखापरीक्षणात ती दाखवता येते. चार वर्षांच्या मुलाशी कोणी रोज तासभर गोष्ट, गाणी आणि मोजणी करत बसले, याचे व्हाऊचर कशाला जोडणार?

आमच्या गावच्या अंगणवाडीत कपाटाच्या वरच्या फळीवर लाकडी ठोकळ्यांचा एक संच आहे, ज्याचे प्लास्टिकचे वेष्टन अजून निघालेले नाही. ठोकळा हरवला तर डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे वस्तूंच्या नोंदवहीत, उत्तर द्यावे लागते, आणि मुलांच्या हाती दिल्यावर ठोकळे हरवणारच, म्हणून संच वर आहे. सेविकाताईंना मी दोष देणार नाही. सकाळचा त्यांचा वेळ वजन-उंचीच्या नोंदी, पोषण ट्रॅकर या मोबाइल अ‍ॅपवरील हजेरी, टीएचआरची (घरी नेण्याच्या आहाराची) पाकिटे आणि लसीकरणाच्या याद्या यांत जातो. मदतनीस ताई आहार शिजवण्यात असतात. उरलेल्या वेळात पंचवीस मुले सांभाळायची असतात, आणि सांभाळणे म्हणजे शिकवणे नव्हे. अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बाल विकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली तेव्हापासून अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण ही तिच्या सहा सेवांपैकी एक आहे. प्रत्यक्षात ती कायम सहाव्या क्रमांकावरच राहिली.

ही जबाबदारी केंद्र-राज्याची, त्यात ग्रामपंचायतीचा काय संबंध, असे विचारणारे सरपंच मला भेटले आहेत. कागदोपत्री त्यांचे अगदीच चूक नाही. सेविकांचे मानधन वरून येते, आहाराचा दर वर ठरतो. केंद्राच्या निकषातील पूर्वशालेय शिक्षण संचाची रक्कम अंगणवाडीमागे वर्षाला 5000 रुपये असते, म्हणजे पंचवीस मुले धरली तर मुलामागे वर्षाला 200 रुपये. पण संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत महिला व बालविकास हा विषय पंचायतींसाठी नमूद आहे, आणि पैशाची वाटणीही पंचायतींना पूर्णपणे बाहेर ठेवत नाही. नव्या अंगणवाडी इमारतीचा 12 लाखांचा खर्च घ्या. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात (2021-26) त्यात 8 लाख रोजगार हमीतून, 2 लाख महिला व बालविकास विभागाकडून आणि 2 लाख या आयोगाच्या किंवा अन्य अबंधित (ठरावीक कामाशी न बांधलेल्या) निधीतून येणे अपेक्षित होते. भिंत उभी करताना पंचायतीचा हात लागतो, मग भिंतीच्या आत काय चालते याच्याशी तिचा संबंध कसा नाही?

इथे एक अडचण खरी आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतील 60 टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी बंधित होती आणि उरलेल्या अबंधित 40 टक्क्यांतूनही पगार किंवा आस्थापना खर्च करता येत नव्हता. म्हणूनच स्वउत्पन्नातील 10 टक्के महत्त्वाचे ठरतात, कारण आयोगाची ही अट त्यांना लागू नाही. गावातीलच एखादी बारावी किंवा डी.एड. झालेली तरुणी रोज दोन तास केवळ शिक्षणाच्या कामासाठी नेमायची, तिला ‘आकार’ या अंगणवाडीसाठीच्या पूर्वशालेय अभ्यासक्रमाचे प्रशिक्षण द्यायचे आणि तिचे मानधन या शीर्षातून द्यायचे, असा स्पष्ट शासन आदेश निघाला तर ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) धजावतील. आज ते धजावत नाहीत, कारण आक्षेप निघाला तर वसुली त्यांच्यावर येते.

आता पैशाच्या आकाराबद्दल. चाकण-रांजणगावच्या एमआयडीसीलगतच्या ग्रामपंचायतीचे 10 टक्के आणि घरपट्टी-पाणीपट्टीवर जगणाऱ्या डोंगरी गावाचे 10 टक्के यांची तुलनाच होत नाही. ज्या गावाचे स्वउत्पन्न 3 लाख आहे, तिथे महिला व बालकल्याण मिळून वर्षाला 30,000 रुपये निघतात. पूर्ण वसुली झाली तर. त्यातला अर्धा भाग बालशिक्षणाला दिला तरी महिन्याला 1250 रुपये होतात, आणि तेवढ्यावर कोणी येणार नाही. म्हणजे नियम सर्वांना सारखा लावला की ज्या वाड्या-पाड्यांवर पालकांकडे दुसरा पर्यायच नाही, तिथेच सर्वांत कमी पैसा पोहोचतो. ही तूट जिल्हा परिषदेने आपल्या 10 टक्क्यांतून भरून काढावी आणि ती वाटणी लोकसंख्येवर न करता ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नाच्या व्यस्त प्रमाणात करावी. शिलाई मशीन वाटणाऱ्या सदस्यांना हे रुचणार नाही, याची मला कल्पना आहे.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे काम केले, त्यात साहित्य शंख-शिंपले, बिया आणि पाने यांचे होते. खर्च होता तो मुलांच्या अंगणापर्यंत चालत जाणाऱ्या प्रशिक्षित माणसांचा. आपण तो क्रम उलटा केला. दरम्यान ज्यांना परवडते, आणि ज्यांना परवडत नाही तेही, सकाळी तालुक्याहून येणाऱ्या व्हॅनमध्ये साडेतीन वर्षांचे मूल बसवून नर्सरीला पाठवतात. त्या मुलाचे नाव अंगणवाडीच्या पटावर राहते.

मानधनावर नेमणूक म्हटली की सरपंचाची भाचीच लागणार, हा आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो. तो गैर नाही. त्यासाठी निवड अंगणवाडी पर्यवेक्षिका आणि केंद्रशाळेच्या मुख्याध्यापकांनी मिळून करावी, नेमणूक वर्षापुरतीच असावी आणि ती पुढे चालू ठेवायची की नाही, हे महिला सभेत मुलांच्या आयांनी ठरवावे. आमच्याकडे 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विकास आराखड्याचा विषय येतो. मागील तीन वर्षांच्या महिला व बालकल्याण खर्चाची बाबवार यादी त्या सभेपूर्वी सूचना फलकावर लावावी, असा लेखी अर्ज मी दिला आहे. इतर गावांतील मित्रांना तोच मजकूर हवा असेल तर जरूर मागून घ्यावा.