फोकस रिंग जाम झाली म्हणून स्प्रे मारू नका रे बाबांनो

गेल्या महिनाभरात मला तो फॉरवर्ड चार वेगवेगळ्या लोकांनी पाठवलाय. "कॅमेऱ्याच्या जुन्या लेन्सची फोकस रिंग जड झाली म्हणजे आत गंज चढला, डब्ल्यूडी-40 मारा, हेअर ड्रायरने गरम करा, रबराच्या पकडीने जोर लावून फिरवा, पाच मिनिटांत लोण्यासारखी फिरते." आणि खाली अंगठेच अंगठे. हेलिओस, टाकुमार वगैरे जुन्या लेन्स घेणारी नवी पोरं वाढलीयत म्हणून लिहितोय, नाहीतर सोडून दिलं असतं.

पहिली गोष्ट गंजाची. फोकससाठी फिरवतो त्या रिंगच्या आत हेलिकॉइड असतं, म्हणजे एकात एक फिरणारे आट्यांचे दोन-तीन नळे, आणि ते बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचे नाहीतर पितळेचे. त्यांना लोखंडासारखा गंज चढतच नाही. जड होतं ते ग्रीस. हेलिओस 44-2 घ्या, 58 एमएम एफ/2, मूळ जर्मन झाइस कंपनीच्या बायोटार लेन्सवरून सोव्हिएत रशियात बनवलेली, त्यातलं चाळीस-पन्नास वर्षांचं ग्रीस वाळून मेणासारखं घट्ट झालेलं असतं, त्यात धुळीचं किटण.

आणि प्रत्येक वेळी ग्रीसच असतं असंही नाही. एकाच जागी अडकते आणि पुढे मोकळी फिरते? मग लेन्स कधीतरी पडलीय, नळी चेपलीय, तिथे ग्रीस बदलून घंटा फरक पडणार नाही. निकॉनची एएफ-डी ही ऑटोफोकस लेन्स असेल तर आधी कॅमेऱ्याच्या बॉडीवरचा खटका एम म्हणजे मॅन्युअलवर करा, एएफ म्हणजे ऑटोफोकसवर असताना रिंग बॉडीतल्या मोटरला जोडलेली असते म्हणून जड लागते. माझ्या मामेभावाने याच कारणासाठी चांगली लेन्स रिपेअरला टाकली होती 😀

आता स्प्रे. डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवणारं, 40 म्हणजे चाळिसावा फॉर्म्युला, 1953 सालचा, गंज धरू नये म्हणून केलेला. त्यात बराचसा भाग पातळ सॉल्व्हंटचा. तो आत गेला की वाळलेलं ग्रीस विरघळतं, रिंग खरंच मोकळी होते, आणि इथेच लोक फसतात कारण व्हिडिओ तेवढ्यावर संपतो. सॉल्व्हंट उडून जातो पण पातळ झालेलं ग्रीस तेलासारखं ओघळत अपर्चरच्या, म्हणजे प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या भोकाच्या, पात्यांवर जातं, मग काचेच्या आतल्या बाजूला धुक्यासारखा थर धरतं. मी स्वतः हा शहाणपणा केलाय, स्प्रे नाही, शिलाई मशीनचं तेल, दोनच थेंब, एका जपानी 50 एमएममध्ये. आठवडाभर खूश होतो. मग एफ/8 वरचे, म्हणजे अपर्चर बारीक केलेले, सगळे फोटो पांढरेफटक यायला लागले आणि पूर्ण उघड्या अपर्चरवर मात्र बरोबर. मला वाटलं शटर गेलं. शटर ठीक होतं, फोटो काढताना आपोआप बंद होणारी पाती तेलाने एकमेकांना चिकटून वेळेत बंदच होत नव्हती. हेलिओस 44-2 मध्ये हे लगेच कळणार पण नाही कारण तिथे अपर्चर आपण हाताने बंद करतो, म्हणून "मी मारला, मला काही झालं नाही" म्हणणारे भेटतात.

हेअर ड्रायरबद्दल अर्धं खरं आहे. कोमट केल्यावर रिंग हलकी झाली तर दोष ग्रीसचा, एवढं निदान होतं. गार झाली की परत तीच. जास्त तापवलं तर काचा जोडणारा डिंक सुटू शकतो, त्यावर घरी इलाज नाही.

जोर लावणं तर विसराच. या जुन्या लेन्सचा एम42 माउंट, म्हणजे लेन्स बॉडीला बसवायचा जोड, आट्यांचा असतो, एका बाजूला जोर दिला की रिंगच्या ऐवजी अख्खी लेन्स बॉडीतून सुटायला लागते. दुसऱ्या बाजूला दिला तर 44-2 ची रिंग ज्या तीन बारीक स्क्रूंनी धरलीय ते सरकतात आणि इन्फिनिटी, म्हणजे अगदी लांबचा फोकस, गेली.

मग करायचं काय? जुनं ग्रीस पूर्ण काढायचं, आटे लायटरच्या पेट्रोलने आणि टूथब्रशने साफ करायचे, आणि हेलिकॉइडसाठीच मिळतं ते डॅम्पिंग (रिंग सावकाश फिरवणारं) ग्रीस अगदी पातळ थरात लावायचं. गाडीच्या बेअरिंगचं नको, व्हॅसलीन तर नकोच, नागपूरच्या मे महिन्यात डिकीत ठेवलेल्या लेन्समध्ये ते पाघळणार. पण "उघडायला सोपं, नुसते आटे तर आहेत" हे पण खरं नाही. हेलिकॉइडच्या आट्यांना सुरुवातीची तोंडं अनेक असतात, चुकीच्या तोंडातून परत बसवलं तरी ते गुपचूप बसतं, फिरतंही मस्त, फक्त फोकस येत नाही. बऱ्याच लेन्समध्ये उलटे आणि सुलटे असे दोन जोड असतात, मग कोडं दुप्पट. म्हणून नळे सुटतात नेमकी ती जागा दोन्ही भागांवर ओरखडा मारून खूण करायची, मोबाइलवर फोटो काढायचा आणि मगच वेगळे करायचे. माझी पहिली हेलिओस मी खूण न करता उघडली, अख्खा रविवार एकेक तोंड लावून बघत बसलो, रात्री गच्चीवर जाऊन चंद्रावर फोकस आला तेव्हा घरचे जेवून झोपले होते. ज्यांना हे नको त्यांनी मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारला, कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे जावं, फक्त आत आधी काही मारलं असेल तर कारागिराला खरं सांगा, कारण मग त्याला नुसतं हेलिकॉइड नाही, पाती पण काढून धुवावी लागतात आणि पैसे त्याचे वेगळे.