येत नव्हतं तर हात कायले लावला?

तीन आठवडे झाले, डोकं शांत व्हायला तयार नाही. सांगूनच टाकते.

१ टीबीची काळी एक्सटर्नल हार्ड डिस्क. २०१४ पासूनचं घर तिच्यात. भावाचं लग्न, जुन्या घरातली शेवटची दिवाळी, बाबांच्या पेन्शनचे स्कॅन केलेले कागद, आणि दरवर्षीच्या महालक्ष्म्या. आई २०२१ मध्ये गेली. तिचा आवाज म्हणून आमच्याकडे जे काही उरलं ते या डबीत. मोबाइल भरला की यात टाकायचं आणि मोबाइल रिकामा करायचा, हीच आमच्या घरची रीत. एकाच जागी ठेवलेली वस्तू म्हणजे बॅकअप नव्हे, हे मला या तीन आठवड्यांत निदान तीस जणांनी ऐकवलं. अरे, घर पेटलं असताना विहीर कुठे खणायला हवी होती ते सांगायला येऊ नका. बादली आणा.

मे महिना, बाहेर ४५ अंश, घरात कूलर गरम हवा फेकून राहिला होता. डिस्क लावली तर एकेक फोल्डर उघडायला पाच-पाच मिनिटं. फिरत होती, आवाज नेहमीचा होता, टकटक नव्हती. मधूनच लॅपटॉप गोठायचा आणि मग पुन्हा सुरू. त्याच क्षणी ती काढून कपाटात ठेवायला हवी होती. पण हे सांगतं कोण? विंडोज सांगतं, ड्राइव्हमध्ये अडचण आहे, स्कॅन करून दुरुस्त करा. माणूस बेशुद्ध पडलाय आणि हा म्हणतो, उठाबशा काढायला लावा!

मी स्कॅन केलं नाही. मला वाटलं, आपल्याला यातलं कळत नाही, ज्याला कळतं त्याच्याकडे न्यावं. म्हणून इथे नागपूरच्या बर्डीवर, बाजारात गेले. नाव लिहीत नाही. दुकानावर मोठ्या अक्षरांत ‘डेटा रिकव्हरी’ लिहिलेलं आहे, एवढंच सांगते. त्याने डिस्क लावली, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, “काही नाही मॅडम, बॅड सेक्टर हायेत. रिपेअर मारून देतो, उद्या घेऊन जा.” सेक्टर म्हणजे डिस्कवरचे बारीक कप्पे, बॅड म्हणजे वाचता न येणारे. मी दोनदा म्हटलं, दादा, आईचे व्हिडिओ आहेत, फाइल जायला नको. “टेन्शनच घेऊ नका जी.”

दुसऱ्या दिवशी ८०० रुपये घेतले आणि डिस्क हातात दिली. घरी येऊन लावली. सगळी फोल्डरं गायब. त्यांच्या जागी ‘फाउंड’ नावाचं एक फोल्डर आणि त्यात शेकडो सीएचके फाइली, एकही उघडत नाही. दोन दिवसांनी तेही दिसेना, थेट प्रश्न आला: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का?

त्याने काय केलं ते मला नंतर कळलं. रात्रभर चेकडिस्क चालवली. ही विंडोजमधली साधी सोय आहे, कोणीही चालवू शकतं, त्याला दुकान लागत नाही. पण चेकडिस्कचं काम तुमच्या फाइली वाचवणं नाहीच. तिचं काम डिस्कची वही नीट जुळवणं. कुठली फाइल कुठे आहे याची जी नोंदवही डिस्कवर असते, तिच्यातली जी ओळ वाचता येत नाही ती तिच्या लेखी चुकीची, आणि चुकीची ओळ ती खोडते. डिस्क धडधाकट असेल तर यात वावगं काही नाही. पण डिस्कच मरत असेल तर ओळ बरोबर असूनही वाचता येत नाही, आणि बरोबर ओळी खोडल्या जातात. वर प्रत्येक सेक्टर पुन्हा पुन्हा वाचायला लावून मरत्या डिस्कला रात्रभर दामटायचं. आमच्या महाल भागातला पडका वाडा उतरवताना मजूरसुद्धा आधी सामान बाहेर काढतात, मग भिंतीला घण लावतात. याला तेवढंही सुचलं नाही!

मग मी स्वतः शोधायला लागले, तर तिथे दुसरी जत्रा. ‘शंभर टक्के मोफत’ म्हणून एक सॉफ्टवेअर उतरवलं. अकरा तास स्कॅन. अकरा तास ती बिचारी डिस्क टेबल फॅनसमोर तापत बसली. शेवटी यादी आली आणि त्यात आईचा फोटो दिसला, अंगठ्याएवढा. हिरवं लुगडं, हातात आरतीचं ताट. मी ‘रिकव्हर’ दाबलं आणि पैसे भरायची खिडकी उघडली. वर्षाची वर्गणी. मोफत काय होतं? बघणं मोफत होतं! गेलेल्या माणसाचा चेहरा दाखवून मग दर सांगायचा, याला धंदा म्हणतात? पैसे हवेत तर पहिल्याच पानावर लिहा. मी दिले असते. पण अकरा तास, त्या अवस्थेतल्या डिस्कचे अकरा तास खाऊन मग कसले दर सांगता? दुसरं एक उतरवलं, ते काही एमबी झाले की थांबलं. पुन्हा तेच.

शेजारच्या काकू म्हणाल्या, पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेव, त्यांच्या पुतण्याने ठेवली होती. अहो काकू, मे महिन्यात फ्रीजरमधून काढलेली बाटली कशी घामेजते ते रोज बघताय ना? तसंच पाणी आतल्या तबकड्यांवर धरलं तर उरलेलंही जाईल. पण त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी कळवळ्याने सांगितलं, पैसे घेऊन नाही.

शेवटी भाच्याला फोन केला. तो इंजिनीअरिंगला आहे. पहिलं वाक्य: “आत्या, आधी ती काढ. आत्ता, फोन ठेवायच्या आधी.” एवढं वाक्य बर्डीवरच्या माणसाला म्हणता आलं नाही? दुसऱ्या दिवशी तो आला आणि डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो चालवलं. खरोखर फुकट आहे. मिनिटभरात पिवळा इशारा आला: अनेक सेक्टर वाचायचे अडकलेत, डिस्क जाणार आहे. एक मिनिट! दुकानात हे एक मिनिट कोणी दिलं असतं तर रात्रभराचा तो घण पडला नसता.

मग त्याने जे केलं ते इथे सविस्तर लिहिते, कारण मला मराठीत हे कुणी सांगितलं नाही आणि तेवढ्यासाठी मी तीन आठवडे जळतेय. आधी नवी २ टीबीची डिस्क आणायला लावली. १ टीबीच्या डिस्कची पूर्ण नक्कल एका फाइलमध्ये घ्यायची तर ती दुसऱ्या १ टीबीवर मावत नाही, थोडी जास्त जागा लागतेच. मग विंडोजच्या जागी पेन ड्राइव्हवरून उबुंटू ही दुसरी प्रणाली सुरू केली, म्हणजे विंडोजची मधेमधे लुडबुड नको. आणि मरत्या डिस्कची नक्कल घेणारं डीडीरेस्क्यू लावलं. आंतोनिओ दियाझ दियाझ नावाच्या माणसाने २००४ पासून लिहून जगाला फुकट दिलेलं आहे. उबुंटूत पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू, चालवताना मात्र डीडीरेस्क्यू, आणि जवळपास तेच नाव असलेलं दुसरंच एक साधन आहे. तिथेही माणूस चुकावा अशी सोय! आदेशात पहिली कुठली डिस्क आणि दुसरी कुठली याची उलटापालट झाली तर कोरी डिस्क भरलेलीवर लिहिली जाते. भाच्याने तीन वेळा तपासून मग एंटर दाबलं.

हे साधन वागतं मात्र शहाण्या डॉक्टरसारखं. जे सहज वाचता येतं ते आधी सगळं उचलतं. जिथे अडलं तिथे डोकं आपटत बसत नाही, नोंद करून पुढे जातं. दुखऱ्या जागेला हात सगळ्यात शेवटी. पहिल्या नऊ-दहा तासांत बहुतेक डिस्क उतरली. उरलेल्या तुकड्यांना तीन दिवस लागले. त्यात दोनदा वीज गेली, आणि माझ्या लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटांत मान टाकते. पण कुठपर्यंत आलो याची नोंद ते वेगळ्या फाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे वीज आल्यावर तिथूनच पुढे. बंद केलेल्या अकरा तासांच्या त्या स्कॅनने असं काही ठेवलं होतं का? नाही.

नक्कल घेतल्यावर मूळ डिस्क कपाटात. पुढचं सगळं नकलेवर. टेस्टडिस्कने काही फोल्डरं नावासकट काढून दिली. बाकीच्यासाठी फोटोरेक. दोन्ही क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच माणसाची, दोन्ही फुकट, कुठेही पैशाची खिडकी नाही. फोटोरेक नोंदवहीकडे बघतच नाही, थेट डेटा चाळून हा फोटो, हा व्हिडिओ असं ओळखतं. म्हणून नोंदवही खोडलेली असली तरी फाइली निघतात, पण नावं निघत नाहीत. चौदा हजारांवर फाइली, पाचशे-पाचशेच्या एकोणतीस फोल्डरांत, सगळ्यांची नावं नुसते आकडे. मी रोज रात्री जेवणं झाल्यावर बसते आणि एकेक उघडून नाव देते. बाबा शेजारी खुर्ची घेतात. “ही दोन हजार सोळाची. तो पडदा तेव्हाच घेतला होता.”

आणि राग कशाचा, तर ही नावं होती! डिस्क दुकानात द्यायच्या आधी ती होती. फोल्डर हळू उघडत होतं, पण उघडत होतं. मोठे व्हिडिओ डिस्कवर तुकड्या-तुकड्यांनी ठेवलेले असतात, आणि ते तुकडे जोडायचा पत्ता त्या नोंदवहीतच असतो. ती गेली की फोटोरेकला पुढचा तुकडा कुठे आहे ते कळायला मार्ग नाही. फोटो बहुतेक आले. मोठे व्हिडिओ अर्धे आले. २०१९ च्या महालक्ष्म्यांच्या व्हिडिओत आई आंबिलीचं पातेलं उतरवते आणि मला सांगते, “अगं, आधी त्यात...” आणि संपलं. त्यात काय घालायचं ते त्या माणसाने ८०० रुपयांत खोडलं.

टकटक आवाज करणाऱ्या डिस्कला यातलं काहीच लावू नका, हेही भाच्याने बजावलं. आतला तबकडी वाचणारा हेडच बहुतेक गेलेला असतो, ती बंद करून प्रयोगशाळेतच द्यावी लागते. तिथे ते मोठी रक्कम सांगतील, आणि ती रक्कम समजण्यासारखी आहे, कारण स्वच्छ खोलीत डिस्क उघडून भाग बदलावा लागतो. माझी तशी नव्हती. माझी वाचली असती.

परवा बिल घेऊन दुकानात गेले. त्याच्यावर लिहिलंय, ‘डेटा रिकव्हरी चार्जेस’. विचारलं, आधी नक्कल का नाही घेतली? म्हणाला, “डिस्कच खराब होती मॅडम, आमी तं प्रयत्न केला.” मी म्हटलं, येत नव्हतं तर हात कायले लावला? नाही म्हणाला असतास तर मी दुसरीकडे गेले असते. तो काही बोलला नाही, मागच्या गिऱ्हाइकाकडे वळला. कॉलेजची मुलगी होती, हातात तसलीच काळी डबी. “बॅड सेक्टर असन, रिपेअर मारून देतो.”

तिला मी दंडाला धरून बाहेर आणलं. पायरीवर बसवून पंधरा मिनिटं सांगितलं: लावू नकोस, २ टीबीची नवी घे, आधी नक्कल. डीडीरेस्क्यूचं नाव तिच्या वहीत लिहून दिलं. तो आतून बघत होता. बघू दे.