कॅरेक्टर असलेलं हॉटेल

लग्न ठरताना माझ्या मनात दोनच अटी होत्या. सासरी दारातून वाकून शिरावं लागू नये, आणि रात्री परसाकडे जायला सोबत लागू नये. वाईच्या गणपती आळीतल्या वाड्यात बावीस वर्षं काढलेली मुलगी याहून जास्त काय मागणार? डोंबिवलीच्या ब्लॉकमध्ये ताठ मानेने शिरले आणि सुखी झाले. त्यानंतर छत्तीस वर्षांनी, ऐन फेब्रुवारीत, स्वित्झर्लंडमधल्या झरमॅट नावाच्या गावी, रात्री दोन वाजता, एका हातात मोबाइलचा टॉर्च आणि दुसऱ्या हाताने शाल सावरत मी बोळाच्या टोकाला असलेल्या संडासाकडे निघाले होते. याचे दिवसाला दोनशे दहा फ्रँक पडत होते. रुपयांत किती ते हे मला सांगू पाहत होते, पण मी कान झाकून घ्यायची.

हे सगळं लेकीमुळे. ती तिथेच, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला असते. "आई, मोठी हॉटेलं सगळीकडे सारखीच गं. याला कॅरेक्टर आहे," असं म्हणून तिने फोटो दाखवला. उन्हाने काळं पडलेलं लाकूड, खिडकीत लाल-पांढऱ्या चौकटीचे पडदे, छपरावर दीड हात बर्फ. खाली लिहिलं होतं, 'अकरा खोल्या. वास्तूतून मॅटरहॉर्नचं दर्शन.' मॅटरहॉर्न म्हणजे तिथला तो नावाजलेला डोंगर. पण वास्तूतून, खोलीतून नव्हे. हा बारकावा आमच्या लक्षात आला नाही. बँकेत तीस वर्षं कर्जाच्या कागदांवरची बारीक अक्षरं वाचलेल्या बाईची ही गत.

बाझेलहून गाडीत बसलो. वाटेत लोट्शबर्गचा जवळजवळ पस्तीस किलोमीटरचा बोगदा लागला. आमचा खंडाळ्याचा घाट संपेपर्यंत जेवढी शेंगदाण्याची पुडी पुरते, तेवढ्या वेळात तो संपलासुद्धा. फिस्पला उतरून लाल रंगाच्या छोट्या गाडीत बसलो. चढ आला की ही गाडी रुळांच्या मधल्या दात्यांत चाकाचे दात अडकवून कुरकुरत वर चढते. तासाभराने झरमॅट. पेट्रोल-डिझेलच्या मोटारी गावात आणायला बंदी आहे, त्या पाच किलोमीटर अलीकडे टेशला ठेवायच्या. गावात फिरतात त्या विजेवर चालणाऱ्या चौकोनी डब्या. आवाज अजिबात नाही, त्यामुळे मागून येऊन माणसाच्या पाठीशी कधी उभ्या राहतील नेम नाही. पहिल्या दहा मिनिटांत मी दोनदा बर्फाच्या ढिगात उडी मारली.

हॉटेलच्या दारावर एक लाकडी पाटी होती: 'आख्तुंग! कोप्फ!' मी यांना म्हटलं, "इथे कोणाचा तरी कोप होतो असं दिसतंय." आणि झालाच. धाडकन आवाज आला. कोप्फ म्हणजे डोकं, ते सांभाळा, असं पाटी सांगत होती. ह्यांची उंची पाच फूट अकरा इंच आणि सगळा जन्म डोंबिवलीत गेलेला. मी मात्र पाटी न समजताही वाकूनच आत गेले होते. छत्तीस वर्षं न वापरलेली विद्या, पण मानेला आठवत होती. पुढच्या चार दिवसांत ह्यांना ती तुळई एकूण अकरा वेळा लागली. शेवटी शेवटी तर तिला चुकवून पलीकडच्या दिव्यावर आपटायचे.

आत मालकीणबाई उभ्या. सत्तरीच्या, बारीक, एप्रनच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा. मला धस्स झालं. ही तर मोठी काकू! रंग बदलून, नऊवारी सोडून, ती आल्प्समध्ये येऊन बसली होती. वाड्यात मोठ्या काकूची सत्ता होती. नळाला पाणी सहा ते साडेसात, बंब एकदाच पेटणार, जिन्यावरून धावायचं नाही, दिवेलागणीनंतर केस विंचरायचे नाहीत. इथे किल्लीसोबत एक छापील कागद मिळाला. न्याहारी साडेसात ते साडेनऊ. रात्री दहा ते सकाळी सात शांतता. स्कीचे बूट घालून जिना चढायचा नाही. केस विंचरण्याबद्दल काही नव्हतं, एवढाच फरक.

खोली तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. छप्पर इतकं उतरतं की पलंगाच्या एका बाजूला उठून बसता येत नाही, लोळतच बाहेर पडावं लागतं. ती बाजू ह्यांनी घेतली आणि मग चार दिवस त्याचं ऋण वसूल केलं. पलंग एक, पण रजया दोन, एकेकट्याच्या. ही त्या देशाची पद्धत मला मात्र फार आवडली. आपापली रजई, ओढाओढ नाही. छत्तीस वर्षांत आम्हाला हे सुचलं नाही.

खिडकी उघडली तर समोर बेकरीची भिंत.

आता रात्रीचं सांगते. बोळ होता बावीस पावलांचा, आणि फळ्या सगळ्या बोलक्या. काही नुसत्या हुं म्हणायच्या. काही कण्हायच्या. आठ नंबरच्या दारासमोरची एक फळी मात्र पाय पडला की बंदुकीचा बार काढायची, आणि आठ नंबरात एक जर्मन गृहस्थ होते जे न्याहारीला माझ्याकडे बघून काही न बोलता अंडं फोडायचे. दुसऱ्या रात्रीपर्यंत मी नकाशा तयार केला: पहिली चार पावलं भिंतीला खेटून, मग एक लांब ढांग, मग उजवीकडे. वाड्यात काकूच्या खोलीवरून सिनेमाहून परत येताना अशीच येत असे. मी ह्यांनाही नकाशा शिकवला. ते म्हणाले, "त्यापेक्षा मी पाणीच पीत नाही."

तिसरी भानगड खिडकीची. सकाळी न्याहारीहून वर आलो तर खोलीच्या दोन्ही खिडक्या सताड उघड्या, बाहेर उणे नऊ, आणि मालकीणबाई पलंगाजवळ रजया झटकत उभ्या. हिटरवर मी मोजे आणि ह्यांची बनियन वाळत घातली होती, ती घडी करून खुर्चीवर ठेवलेली. "ल्युफ्टन!" त्या म्हणाल्या. लेकीला फोन केला, तर कळलं की हवा खेळवणं हा इथला नित्यनेम. दहा मिनिटं सगळं उघडायचं, मग लावून घ्यायचं. मला संशय वेगळाच होता. आदल्या रात्री आम्ही खोलीत लसणाच्या चटणीचा डबा उघडला होता. दुसऱ्या दिवशी दहाची वीस मिनिटं झाली, तेव्हा संशय पक्का झाला.

बरं, वासाचं म्हणाल तर संध्याकाळी त्यांच्या जेवणघरात जो दरवळ सुटायचा त्यापुढे आमची चटणी म्हणजे मोगरा. रॅक्लेट होतं. हा खास याच भागातला, वॅलिसचा पदार्थ. चीजचं अर्धं चाक विस्तवासमोर धरायचं, वरचा थर वितळला की तो सुरीने खरवडून उकडलेल्या बटाट्यावर घालायचा. सोबत काकडीचं आणि छोट्या कांद्यांचं आंबट लोणचं. रॅक्लेट हा शब्दच फ्रेंचमधल्या खरवडण्यावरून आलाय. आमच्याकडे दुधाच्या पातेल्याची खरवड घरातल्या धाकट्याला फुकट मिळते. इथे माणशी चौतीस फ्रँक. मी पर्समधून चटणीची पुडी काढली आणि टेबलाखालच्या अंधारात बटाट्यावर भुरभुरली. काय लागलं म्हणून सांगू! वितळलेलं चीज, बटाटा आणि वाईची लाल चटणी. हे म्हणाले, "अगं, मला पण." मान वर केली तर मालकीणबाई शेजारी उभ्या. त्यांनी पुडीकडे पाहिलं, नाकाने एकदा श्वास घेतला, माझ्या ताटात आणखी एक थर खरवडला आणि गेल्या. बिलात तो थर होता.

मॅटरहॉर्न? त्याचा पत्ताच नव्हता. गाव त्याच्या पायथ्याशी, दुकानं त्याच्या नावाची, साबण त्याच्या आकाराचा, आणि डोंगर ढगात. ४,४७८ मीटरचा एवढा थोरला ऐवज लपतो कसा हेच कळत नाही. टॉब्लरोन चॉकलेटच्या खोक्यावर त्याचं चित्र असायचं, तिथे तरी बघू म्हटलं, तर कंपनीने काही उत्पादन स्लोव्हाकियात न्यायचं ठरवलं म्हणून २०२३ मध्ये खोक्यावरूनही तो गेलेला. गोर्नरग्राटच्या दात्यांच्या रेल्वेने वर गेलो. १८९८ पासून विजेवर चालणारी ही गाडी ३,०८९ मीटरवर नेते. खालून जे पांढरं दिसत होतं तेच आम्ही वरून पांढरं पाहिलं आणि परत आलो. हे तिथे चहाच्या कपाचे फोटो काढत होते.

मग संग्रहालयात गेलो. तिथे काचेत एक दोरी आहे. १४ जुलै १८६५ ला एडवर्ड व्हिंपर नावाचा इंग्रज गिर्यारोहक आणि बाकी सहा जण पहिल्यांदा त्या शिखरावर पोचले. उतरताना एकाचा पाय सुटला, दोरी तुटली आणि चौघे गेले. ती ही दोरी. आमच्या गच्चीत धुणं वाळत घालायची दोरी याहून जाड आहे. मी बराच वेळ तिच्यापुढे उभी होते. दुसऱ्या दिवशी माझा स्कीचा वर्ग होता, आणि चढण्यात काही नाही, जे होतं ते उतरताना होतं, हे नेमकं तेव्हाच का कळावं?

वर्गाबद्दल थोडक्यात. डोंगराच्या पोटातून जाणाऱ्या गाडीने वर सुनेगा नावाच्या स्कीच्या जागी पोचले. शिकवणारा पोरगा म्हणाला, स्कीची टोकं जवळ, मागची बाजू लांब, पिझ्झाच्या तुकड्यासारखं करा, म्हणजे थांबाल. मी पिझ्झा केला. थांबले नाही. शेजारून चार वर्षांची पोरं हात खिशात घातल्यासारखी निघून जात होती. सरकत्या पट्ट्यावर उभं राहून वर जायचं मात्र मला उत्तम जमलं, दादरच्या जिन्यांची सवय. दोन तासांत सातदा पडले, त्यातल्या चारदा उभी असताना.

खरी कथा पुढे. परत आले तेव्हा हॉटेलच्या तळघरात कोणी नव्हतं. तिथे स्की ठेवायचे कप्पे आणि भिंतीला बूट सुकवायचे गरम खुंटे. मी बाकावर बसले आणि बूट काढायला लागले. स्कीचा बूट म्हणजे पायाला केलेलं प्लास्टरच, फक्त भाड्याने मिळतं. चार खटके उघडले, वरचा पट्टा सोडला, ओढलं. पाय जागचा हलेना. टाच धरून ओढलं, उभी राहून झटकलं, बाकाच्या फटीत अडकवून खेचलं, बाक सरकला. ह्यांना फोन लावावा, तर तळघरात रेंज नाही. ओरडावं, तर हे तिसऱ्या मजल्यावर, रजईत. पंधरा मिनिटं झाली. पोटऱ्यांत वांब येऊ लागले. शेवटी कागदावरचा नियम आठवत, देवाचं नाव घेत, मी बुटांसकट जिना चढायला लागले.

ठोक. मी थांबले. ठोक. वाड्यात कोणी खलबत्ता घेऊन जिना चढला असता तर असाच आवाज आला असता. चौथ्या पायरीवर वरचं दार उघडलं. मालकीणबाई.

त्यांनी भिंतीवरच्या, बूट घालून चढू नका सांगणाऱ्या पाटीकडे बोट दाखवलं. मी पायांकडे दाखवलं. त्यांनी पुन्हा पाटीकडे दाखवलं. मग मी डोंबिवलीच्या मराठीत सांगितलं, "अहो बाई, निघत नाहीत हो!" त्या खाली आल्या. मला बाकावर बसवलं. खाली बसून त्यांनी बुटाची पुढची जीभ दोन्ही हातांनी धरून बाहेर वाकवली, कवच दोन्हीकडे फाकवलं (एवढंच करायचं होतं, आणि मी बसले होते ओढत), माझा पाय स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला आणि टाचेला एक झटका दिला. बूट निघाला. मोजाही निघाला. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, ते त्यांनी पाहिलं. मग दुसरा पाय. "झो!" त्या म्हणाल्या. म्हणजे झालं. मोठी काकू बंबातली राख काढून झाल्यावर हेच म्हणायची, आवाजसुद्धा तोच. बूट गरम खुंट्यांवर चढवून, मी आणलेलं बर्फाचं पाणी फडक्याने टिपून त्या वर गेल्या. दुसऱ्या दिवशी माझा मोजा खुर्चीवर घडी घालून ठेवला होता आणि भोक शिवलेलं होतं. करड्या मोज्याला लाल दोरा.

निघायच्या दिवशी सकाळी सव्वासातला जाग आली. भिंतीला खेटून चार पावलं, लांब ढांग, उजवीकडे, आणि आत शिरून कडी लावली. तिथे कमोडच्या वर, माझ्या खांद्याच्या उंचीला, हातभर रुंदीची एक खिडकी आहे. रोज ती वाफेने आंधळी असे. आज काच स्वच्छ होती. बाहीने पुसली आणि बघतच राहिले.

एकही ढग नव्हता. समोर तो होता, एकटा, मान किंचित वाकडी करून उभा, आणि वरच्या टोकाला नुकतं ऊन लागलेलं. आधी केशरी टिकलीएवढं, मग ते ऊन हळूहळू खाली सरकायला लागलं. 'वास्तूतून दर्शन' म्हणजे ते हे. अकरा खोल्यांच्या त्या हॉटेलात मॅटरहॉर्न दिसायची, निदान आमच्या मजल्यावर, ही एकच जागा होती.

दारावर टकटक झाली. मी उत्तर दिलं नाही. पुन्हा टकटक. ऊन अर्ध्यावर आल्यावर नाइलाजाने बाहेर आले. आठ नंबरचे जर्मन गृहस्थ टॉवेल घेऊन उभे होते, त्यांच्यामागे हे, दोन्ही हात पोटावर. मी ह्यांना खुणेने सांगायला लागले, पण गृहस्थ आत गेले आणि कडी लागली. क्षणभर शांतता, मग आतून "आह!" असा आवाज आला. मग काहीच नाही. पाच मिनिटं. दहा मिनिटं.

"काय करतोय काय हा?" हे कुजबुजले.

"डोंगर बघतोय."

"संडासात?"

गृहस्थ बाहेर आले ते पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसत. हे घाईघाईने आत शिरले आणि मला धाडकन आवाज ऐकू आला, पाठोपाठ ह्यांचा: "अगं, कुठे काय? नुसतं पांढरं तर आहे!"